घाबर, पण मोजून

“अगं ए, बाहेर ये! तुमचा तो माणूस माझ्या कुत्रीचं माप घेतोय!”

ब्रीजबाईंचा आवाज म्हणजे काय सांगू! त्या आमच्या ल्यूकन उपनगरात ओरडल्या तर डब्लिनच्या बंदरातल्या बोटी भोंगा वाजवून ओ देतात. मी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते, कानात हेडफोन, खिडकी बंद. तरी पलीकडून बंगळूरच्या माणसाने विचारलं, “मॅडम, कुणाचं माप?”

मी तशीच बाहेर धावले. शेजारच्या घराच्या अंगणात ब्रीजबाई उभ्या. अंगात ड्रेसिंग गाऊन, हातात अंगण घासायचा ब्रश. फाटकाच्या आत त्यांची कुत्री, नाव प्रिन्सेस, आकार टांग्याच्या तट्टाएवढा. आणि फाटकाच्या बाहेर, पांढरा लेंगा, वर मुलाचं पावसाळी जाकीट, तोंडाला मास्क, एका हातात स्टीलची टेप आणि दुसऱ्या हातात खडू, असे आमचे दुसऱ्या बाजूचे शेजारी. काका.

प्रिन्सेसने पुढचे दोन्ही पाय फाटकावर टाकले होते आणि नाक काकांच्या चष्म्याला टेकवलं होतं. चष्म्यावर वाफ धरली होती. काका तसूभरही हलत नव्हते. मला आधी वाटलं, काय हे धैर्य! जवळ गेले तेव्हा दिसलं, माणूस भीतीने थिजलाय. वारा पडलेला होता, तरी लेंगा फडफडत होता.

“काका, काय चाललंय?”

“चौकशी चालू आहे,” काका मास्कही न हलवता म्हणाले.

हे काकांचं ठेवणीतलं वाक्य. चहा कसा झालाय विचारा, चौकशी चालू आहे. झोप लागली का, चौकशी चालू आहे. सून जेवायला वाढून म्हणायची, “बाबा, भाजी बरी झालीय ना?” तर काका दोन्ही बाजूंनी भाजीकडे बघून तेच. पुण्यात ते विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. कुणाचं दुकान जळलं, कुणाचा ट्रक दरीत गेला, की भरपाई मंजूर व्हायच्या आधी तिथे काका जायचे आणि राख हुंगायचे. एकदा एक साडीचं दुकान जळून कोळसा झालं. मालक छाती पिटून रडत होता. काका आत गेले, गल्ल्यामागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा बघितला आणि बाहेर येऊन म्हणाले, “शेठ, गणपतीचा फोटो कुठाय?” फोटो शेठच्या घरी होता. आदल्या संध्याकाळीच नेलेला. “देव आधी बाहेर काढलाय, मग काडी लावलीय,” काका म्हणाले. तिथून त्यांना जगात सगळीकडे रिकामे खिळेच दिसायला लागले.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ते मुलाकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद पडली. मुलगा लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात, सून हॉस्पिटलात डॉक्टर. चिपा आणि पेशंट दोन्ही घरून करायची कामं नव्हेत, म्हणून दोघं रोज बाहेर. घरात काका एकटे, आणि संशय घ्यायला अख्खा देश मोकळा.

सुरुवात त्यांनी खिडक्यांपासून केली. त्या दिवसांत इथल्या पोरांनी घरोघरी काचांवर इंद्रधनुष्यं रंगवून लावली होती, सगळं ठीक होईल म्हणून. काका मला म्हणाले, “मॅडम, इतक्या लोकांनी एकाच वेळी काचा का झाकल्या?” मग ‘ग्रँड’ या शब्दावर. इथे कुणालाही कसं काय विचारा, पाय मोडलेला असो नाहीतर छप्पर उडालेलं, माणूस ‘ग्रँड’च म्हणतो. “ज्या देशात सगळंच ग्रँड आहे,” काका म्हणाले, “तिथे विमा कोण उतरवतं?” सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचंच नाही, असा तेव्हा सरकारी हुकूम होता. काका त्यांच्या मुलाच्या हिशेबाने बहात्तरचे. पण फाटकाशी कुणी हटकलं की मास्कमधून ठणकावून सांगायचे, “सिक्स्टी नाइन!” आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे दावे पकडलेल्या माणसाने स्वतःसाठी एवढा एकच राखून ठेवला होता.

आमची वसाहत म्हणजे एकाच साच्यातून पाडलेली घरं. इतकी सारखी, की माझा नवरा एकदा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरला, चहा पिऊन आला, आणि चहा चांगला होता यावरूनच त्याला कळलं की घर आपलं नव्हे. त्यातली आमची बंद गल्ली. शेवटचं घर काकांच्या मुलाचं, मग आमचं, आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रीजबाईंचं. म्हणजे जगात कुठेही जायचं तर प्रिन्सेसच्या फाटकावरूनच जायचं.

आणि माझी सई जात नव्हती.

सई तेव्हा साडेचार वर्षांची. लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात प्रिन्सेस फाटकावर झेप टाकून तिच्या तोंडासमोर अशी काही भुंकली होती, की पोर पुढच्या दाराला जी पाठमोरी झाली ती झालीच. दारातून गाडीपर्यंत चार पावलं, तीही टाकेना. बाहेरच्या कुणाशी बोलणंही बंद. व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी दिसली तरी टेबलाखाली. एकदा दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तर नवऱ्याने तिला दुलईत गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि गाडीत घातलं. ब्रीजबाई पडद्याआडून बघत होत्या. त्यांना वाटलं, आम्ही प्रेत हलवतोय. तेव्हापासून त्यांचा आमच्यावर डोळा.

ऑगस्टअखेर शाळा उघडणार होत्या. जुनिअर इन्फंट्स, म्हणजे आपली बालवाडी. तिथे मुलीला दुलईत गुंडाळून पोचवता येत नाही. मी रात्रंदिवस एकच विचार करायचे. ही पोर या फाटकावरून चालत गेली नाही, तर शाळा नाही, मैत्रीण नाही, काही नाही.

मग मी सुशिक्षित आया करतात ते केलं. पुस्तकं मागवली. भीतीवर मात करणारी आणि मित्र जोडणारी चित्रांची पुस्तकं. खोक्यांवर खोकी. पोस्टमनला वाटलं मी शाळाच काढतेय. ढगांना घाबरणारं अस्वल, पाण्याला घाबरणारा पाणघोडा, कुणाशीच न बोलणारं साळिंदर. प्राणिसंग्रहालयातला एकही प्राणी निर्भय राहिला नव्हता. प्रत्येक पुस्तकात कुणीतरी छोटं घाबरायचं, कुणीतरी प्रेमळ भेटायचं, भीती पळायची आणि शेवटच्या पानावर सगळ्यांनी मिळून केक. मी आवाज काढून, नाचून वाचायचे. सई शांतपणे ऐकायची. एकदा एका पुस्तकात मोठा कुत्रा आला आणि शेवटी छोट्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मी विजयी मुद्रेने सईकडे बघितलं. ती म्हणाली, “मम्मा, दॅट वन इज अ ड्रॉइंग.” आणि पुस्तक मिटलं.

मागच्या अंगणात मात्र ती खेळायची. आमच्या आणि काकांच्या मध्ये लाकडी कुंपण, त्याच्या दोन फळ्या निघालेल्या. एका दुपारी बघते, तर फटीच्या अलीकडे सई तिच्या छोट्या खुर्चीवर, पलीकडे मोजून दोन मीटरवर काका त्यांच्या खुर्चीवर, आणि काकांच्या हातात आमचं अस्वलाचं पुस्तक. घरात ओळखीचे म्हणावेत असे मी आणि तिचा बाप, आणि ही बया बाहेरच्या माणसाबरोबर बसली होती! मला बरं वाटायला हवं होतं. मला संशय आला.

मी टॉवेल वाळत घालायच्या निमित्ताने दोरीपाशी उभी राहिले.

“हे अस्वल,” काका मराठीत सांगत होते, “दुसऱ्या पानावर ढगाला घाबरतं. शेवटच्या पानावर घाबरत नाही. मधे काय झालं?”

“द रॅबिट हग्ड हिम,” सई म्हणाली.

“ससा. बरं. आणि भीती गेली हे बघितलं कुणी?”

“द रॅबिट.”

“म्हणजे साक्षीदार ससाच. मिठी मारणाराही ससाच. आणि हा केक कोणी आणला?”

सईने पान उलटून बघितलं. “द रॅबिट,” ती हळूच म्हणाली, आणि तिच्या भुवया अशा काही वर गेल्या की सशाचं आता काही खरं नव्हतं.

“पहिल्याच भेटीत जो केक आणतो,” काका म्हणाले, “त्याच्यावर नजर ठेवायची.”

माझं डोकं फिरलं. मी इथे खोकी रिकामी करून मुलीला जगावर विश्वास ठेवायला शिकवतेय, आणि हा म्हातारा तिला सशावरही संशय घ्यायला लावतोय! पण टॉवेलाआडून बाहेर येऊन बोलायची सोय नव्हती. काकाच म्हणाले, माझ्याकडे न बघता, “मॅडम, टॉवेल कालपासून वाळलेत.”

मी रोज ऐकायला लागले. चोरून, अर्थात. आणि एके दिवशी काका प्रिन्सेसवर आले.

“तुझी तक्रार कुत्रीविषयी आहे असं कळलं.”

सई खुर्चीत मागे सरकली.

“केवढी आहे?”

सई म्हणाली, “ॲज बिग ॲज अ बस.”

आता मी असते तर म्हटलं असतं, नाही गं सोना, ती किती गोड आहे. काका म्हणाले, “साधी बस की डबलडेकर?”

सईने विचार केला. “डबलडेकर.”

“वरच्या मजल्यावर कोण बसतं?”

आणि माझी मुलगी हसली. लॉकडाऊन लागल्यापासून मी तो आवाज ऐकलेला नव्हता. टॉवेल तोंडात कोंबून उभी राहिले मी.

“घाबरायला माझी हरकत नाही,” काका म्हणाले. “घाबर. पण मोजून घाबर. अंदाजे घाबरणं म्हणजे खोटा क्लेम. उद्या मी पाहणी करतो.”

तर ती ही पाहणी. फाटकाशी काका, चष्म्याला कुत्री, आणि ब्रीजबाई ब्रश उगारून मला विचारतायत, “माझ्या कुत्रीला शवपेटी करतोय का हा?” दुलईचं प्रकरण त्या विसरल्या नव्हत्या. “आणि त्याने घरात कोंडून घ्यायला नको का, त्याच्या वयात?”

“सिक्स्टी नाइन,” काका थिजल्या जागेवरून म्हणाले.

आता पुस्तकांतल्या शिरस्त्याप्रमाणे इथे काय व्हायला हवं? आजोबा संकटात बघून चिमुकली सई धावत येते, कुत्रीच्या गळ्यात पडते, सगळे टाळ्या वाजवतात, केक. तसं काही झालं नाही. सई कुठली येतेय! पण आमची वरची खिडकी धाडकन उघडली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला,

“आजोबा, दात पण मोज!”

मराठीत. चार महिने ज्या पोरीने काकांशिवाय कुठल्याही परक्यासमोर तोंड उघडलं नव्हतं, तिने.

ब्रीजबाईंनी ब्रश खाली केला. वर बघितलं, खाली बघितलं, काकांच्या लेंग्याकडे बघितलं. बाई आयुष्यभर मुलं आणि कुत्री वाढवलेली. “काय म्हणाली ती?” मला विचारलं.

“दात मोजायला सांगतेय.”

“मग मोजून टाक म्हणावं बाबा,” ब्रीजबाई म्हणाल्या, प्रिन्सेसला पट्ट्याला धरून खाली उतरवलं आणि तिचा जबडा उघडून दाखवला.

काकांनी दात लांबूनच मंजूर केले. उंची मात्र टेप लावून घेतली, टेपचं दुसरं टोक ब्रीजबाईंच्या हातात देऊन, आणि येऊन आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर खडूने रेघ मारली. मग सईला दारात उभं करून तिची रेघ मारली. मी देवाचा धावा करत होते की आता हा माणूस निदान एकदा तरी खोटं बोलू दे. कुत्री लहान निघू दे. एवढ्यासाठीच तर खटाटोप ना?

काकांनी दोन रेघांमध्ये बोटं धरली. “तुझा क्लेम अंशतः मंजूर,” ते सईला म्हणाले. “बस नाही. पण तुझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. घाबरायला जागा आहे.”

मी त्यांना डोळ्यांनी भाजून काढलं. पण सई? सईने मोठा श्वास सोडला. सगळं जग तिला सांगत होतं की घाबरण्यासारखं काही नाहीच, आणि शेवटी कुणीतरी टेप लावून म्हणालं होतं की आहे, चार बोटं आहे. तिने स्वतःची चार बोटं रेघांमध्ये ठेवून बघितली. मग काकांना विचारलं, “डिड यू गेट स्केअर्ड?”

“हो.”

“हाउ मच?”

काकांनी प्रामाणिक विचार केला. “लेंगाभर,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि खडू धुऊन गेला. काका संतापले. “पुरावा नष्ट होतोय!” पहिला संशय ब्रीजबाईंच्या अंगण घासायच्या ब्रशवर. पण पाऊस असो नाहीतर ब्रीजबाई, रेघ पुन्हा मारणं आलं, आणि रेघ मारायची तर कुत्री पुन्हा मोजणं आलं. आणि आयर्लंडातला पाऊस! आमच्याकडे तो पडतो असं म्हणत नाहीत, तो इथेच राहतो, आम्ही मधूनमधून त्याच्याकडे जातो. तेव्हा काकांची पाहणी जवळजवळ रोजच निघायची. पुढे काका टेप घेऊन, दारात सई हुकूम सोडतेय. मग सई पायरीवर. मग चाकांच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत, डब्याच्या आड. खडू धरायचं काम आता तिचं. “आजोबा, टेप सरळ धर!” ब्रीजबाईसुद्धा ठरल्या वेळी गाऊन बदलून फाटकात उभ्या राहायला लागल्या. त्यांचं तसं कोण होतं? मुलं ऑस्ट्रेलियात, नवरा गेलेला. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की ही बाई लिपस्टिक का लावतेय?

आणि मग एक दिवस ब्रीजबाईंनी सफरचंदाचा टार्ट आणून कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. काकांसाठी.

काकांनी टार्टकडे बघितलं, मग सईकडे. सईने काकांकडे. दोघांच्या मनात ससा.

“पुस्तकात लिहिल्याबरहुकूम,” काका म्हणाले.

त्यांनी तो घरी नेला, आधी मुलाला खाऊ घातला, आणि मुलाकडे तासभर टक लावून बसले. मुलगा जिवंत राहिला. मग प्रश्न आला प्लेटचा. निळ्या फुलांची चिनीमातीची प्लेट. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देतात का? काका जगावर संशय घेतील, पण भांडं रिकामं पाठवायचे नाहीत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांनी साताऱ्याला मेहुणीला फोन लावला आणि ओवा घातलेल्या खाऱ्या शंकरपाळ्यांची कृती विचारली. स्पीकरवर आम्ही सगळे ऐकत होतो.

“मीठ अंदाजे घाला, भाऊजी.”

“अंदाजे म्हणजे किती?”

“अहो, ताई घालायची तेवढं.”

काकांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, “ते कधी मोजलं नाही.” आणि फोन ठेवला.

शंकरपाळे झाले. चौकोन न् चौकोन टेपने कापल्यासारखा. मी प्लेट घेऊन ब्रीजबाईंकडे गेले. आता विचार करा. एक माणूस रोज तुमच्या कुत्रीला भेटायला येतो. तो कडक, चौकोनी, तपकिरी, खारट बिस्किटं पाठवतो. तुम्ही काय समजाल? ब्रीजबाईंनी सगळी प्रिन्सेसला घातली.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यामार्फत विचारलं, कसे होते? ब्रीजबाई म्हणाल्या, “तिला फारच आवडले! हाडांची पूड घालतो का तो त्यात?”

“काय म्हणाल्या?” काका.

“फारच आवडले म्हणाल्या,” मी म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

काकांनी दुप्पट घाणा काढला. काकांचा स्टीलचा डबा भरून गेला, बदल्यात निळ्या प्लेटमधून ब्रेड आला, आणि मग दोन्ही भांडी भरून येत-जात राहिली. प्रिन्सेस अशी सुटली की आता सईचं बसचं वर्णन खरं ठरतं की काय असं वाटायला लागलं. आणि काका फाटकाशी आले की ती भुंकायची नाही. पोटावर सरपटत यायची आणि कण्हायची. काका बावचळले. आजवर त्यांना बघून कुणी असं केलं नव्हतं. “लाच घेतल्याशिवाय एवढं प्रेम कोणी करत नाही,” ते पुटपुटले, खाली वाकले, मास्क खाली केला आणि राख हुंगतात तसा तिचा जबडा हुंगला.

“मॅडम,” ते सरळ होत म्हणाले, “हिच्या तोंडाला ओव्याचा वास येतोय.”

मी आकाशाकडे बघितलं.

“तुम्ही अर्धी साक्ष दिलीत.”

मला वाटलं, संपलं. आता पाहणी बंद, टेप बंद, शाळा बंद. काकांनी मास्क पुन्हा वर ओढला. मग म्हणाले, “आमची ही नेहमी म्हणायची, तुम्ही केलेलं कुत्रंसुद्धा खाणार नाही.” खिशातून एक शंकरपाळा काढून प्रिन्सेसपुढे धरला. तिने तो इतका अलगद घेतला की बोटाला ओठही लागला नाही. “तो मुद्दा निकाली निघाला.”

“आजोबा, हाउ मच नाऊ?” कचऱ्याच्या डब्याआडून सईने विचारलं.

“बोटभर,” काका म्हणाले.

पुढल्या वर्षी विमानं सुरू झाल्यावर ते पुण्याला परत गेले, तेव्हा निळ्या फुलांची ती प्लेट त्यांच्या बॅगेत गेली. रिकामी देता येईना आणि सामानाच्या धांदलीत भरून द्यायला वेळ नव्हता. ब्रीजबाईंकडे काकांचा स्टीलचा डबा राहिला. आता आपली पद्धत त्यांनाही लागलीय. डबा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पुढेच ठेवलेला असतो. रिकामा परत कसा पाठवणार, म्हणतात. मला विचाराल तर दोघांनाही भांडं परत द्यायचं नाहीये. माझा संशय आहे हो, पुरावा नाही.

पण मी शाळेचं सांगत होते.

ऑगस्टअखेरची ती सकाळ. सई गडद निळ्या ट्रॅकसूटमध्ये, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं दप्तर. भिंतीवर ताजी रेघ. सई उन्हाळ्यात वाढली होती, पण प्रिन्सेस उंच ती उंचच. काकांनी मधे बोटं धरली. आता दोन बोटं.

सई पायरी उतरली. कचऱ्याचा डबा ओलांडला. फाटकाच्या अलीकडे येऊन थांबली. फाटकाआड प्रिन्सेस उभी, ब्रीजबाईंचा हात पट्ट्याला. मी, नवरा, काकांची सून ड्युटीवर जाता जाता थांबलेली, कुणी श्वास घेत नव्हतं. मी हात पुढे केला, तर काकांनी टेपनेच माझा हात अडवला.

“घाबरतेस?” त्यांनी सईला विचारलं.

“येस.”

“किती?”

सईने प्रिन्सेसकडे बघितलं. खोटं बोलायची सोय नव्हती, मोजणारा समोर उभा होता. तिने दोन बोटं वर केली.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “दोन बोटं घेऊन जा.”

आणि ती गेली. धावली नाही, मिठी मारली नाही, कुत्रीकडे वळूनही बघितलं नाही. दोन बोटं तशीच वर धरून, फाटकावरून, कोपऱ्यावरून, थेट शाळेच्या दारापर्यंत गेली. मी मागून मास्कमध्ये रडत होते. मास्कमध्ये रडून बघा एकदा, नाक पुसायचीही सोय नसते.

ब्रीजबाईंचे डोळे भरून आले होते. अगदी पुस्तकातल्यासारखं झालं ना, असं त्या काकांना म्हणाल्या म्हणे. काकांनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं आणि टेप गुंडाळली.

तो सगळा दिवस मी एकही काम केलं नाही. बंगळूरच्या माणसाने तीनदा विचारलं, मॅडम, आहात का? मी नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे एकच. फाटकावरून गेली खरी, पण आत काय? बोलली असेल कुणाशी? की पुन्हा टेबलाखाली?

दुपारी शाळेच्या दाराशी मी सगळ्यांच्या आधी उभी. सई बाहेर आली. ट्रॅकसूटच्या बाहीवर एक चकचकीत जांभळा तारा चिकटवलेला.

“हा कुणी दिला?”

“अ गर्ल.” ती चालायला लागली.

“अय्या! मग? झाली का मैत्रीण?”

सईने तो तारा एकदा डावीकडून बघितला, एकदा उजवीकडून. मग माझ्याकडे न बघता, स्वच्छ मराठीत म्हणाली,

“चौकशी चालू आहे.”